आरपीच्या इतिहासाचा विकी : लिहायला बसण्याआधी लोकं जे विचारतात ते सगळं

आरपी म्हणजे रोलप्ले, ऑनलाइन गेममध्ये एखादं पात्र घेऊन त्याच्यासारखं वागत खेळणं. त्याच्या इतिहासाच्या आपल्या विकीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तेच प्रश्न येतात आणि कुणीतरी वैतागून तेच उत्तर परत टाइप करतो, म्हणून सगळं इथं एकदाच लिहून टाकलंय. प्रश्न आपल्या सोलापूरच्या पोरांनी ज्या भाषेत विचारले तसेच ठेवलेत, त्यातला ‘बे’ कुणी काढायला गेला तर आम्ही तो बदल उलटवतो. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं काही नाही, पण आयसी-ओओसीचा (पात्राचं आणि खेळाडूचं वेगळं लिहायचा) आणि पुराव्याचा प्रश्न वाचल्याशिवाय नवीन पान सुरू करू नका.

हा विकी नेमका कशाचा आहे बे, गेमचा का स्टोऱ्यांचा?

मल्टिप्लेअर गेममध्ये लोकांनी पात्रं घेऊन जे काय केलं त्याच्या इतिहासाचा. कुठली गाडी किती पळते, पैसे पटकन कसे कमवायचे, कुठल्या बंदुकीनं किती डॅमेज बसतो हे इथं नको, त्याचा माल युट्यूबवर ढिगानं पडलाय. आपल्याला पाहिजे ते असं की अमक्या सर्व्हरवर पोलीस खातं कुणी उभं केलं, पहिला मेयर कसा निवडून आला, ईएमएसवाले (अँब्युलन्सवाले) संपावर का गेले, इकॉनॉमी कशानं कोसळली आणि शेवटी वाइप (सगळं पुसून पहिल्यापासून सुरू) का करावा लागला.

नियमांचा इतिहास पण आपलाच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडंच झालंय. न्यू लाइफ रूलचंच घ्या, म्हणजे पात्र मेल्यावर आधीचं आठवायचं नाही. कुठं फक्त मरण्याच्या प्रसंगापुरतं विसरायचं असतं, कुठं ज्यानं मारलं त्याचं तोंडसुद्धा ओळखायचं नाही, आणि असा नियम बदलला की त्याच्यामागं बहुतेक वेळा एखादं दणदणीत भांडण असतं. ते भांडण कुणी लिहून ठेवत नाही, फक्त नवीन नियम चिकटवला जातो, आणि वर्षभरानं आलेल्या पोराला कळत नाही की हा असला विचित्र नियम इथं आहेच कशाला.

फक्त जीटीए आरपी का? किती जुनं चालतं?

सगळं चालतं. जीटीएवाले (ग्रँड थेफ्ट ऑटो खेळणारे) संख्येनं जास्त म्हणून पानं त्यांची जास्त दिसतात, एवढंच.

मागं जायचं तर लई मागं जाता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स आला १९७४ ला, टेबलाभोवती बसून खेळायचा. मग १९७८ ला इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी मड बनवला, ग्राफिक्स शून्य, नुसता मजकूर, तरी त्यात लोकं एकमेकांना भेटायची आणि एकमेकांना मारायची पण. १९८६ ला लुकासफिल्म गेम्सनं कमोडोर ६४ ह्या घरगुती कॉम्प्युटरवर हॅबिटॅट हे चित्रांचं ऑनलाइन जग चालवून बघितलं. १९९७ ला अल्टिमा ऑनलाइन, १९९९ ला एव्हरक्वेस्ट, २००३ ला ईव्ह ऑनलाइन, २००४ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, आणि त्यात तर आरपीवाल्यांसाठी सुरुवातीपासून वेगळे सर्व्हर होते.

जीटीएचं सांगायचं तर पीसीवरच्या सॅन अँड्रियासमध्ये ऑनलाइन खेळायची सोय कंपनीनं दिलीच नव्हती, चाहत्यांनी सॅम्प आणि एमटीए हे जोड-प्रोग्रॅम बनवून ती घातली आणि त्यावरच आरपी सर्व्हर उभे राहिले. पुढं २०१५ ला जीटीए फाइव्ह पीसीवर आला, त्यावर स्वतःचे सर्व्हर चालवायचं चाहत्यांचं फाइव्हएम आलं, त्याच वर्षी जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं फाइव्हएमवाल्यांची अकाउंटं बंद केली, आणि ऑगस्ट २०२३ ला त्याच टीमला आपल्यात घेतल्याचं जाहीर केलं. आठ वर्षांत चोर ते जावई! ह्या एका वळणावरच एक मोठं पान होऊ शकतं, कुणीतरी घ्या.

आपल्याकडं मात्र सगळ्यात मोठी पोकळी आहे ती सॅम्पच्या काळाची. कॅफेत तासावर पैसे देऊन खेळणारी पोरं, स्वतःचा पीसी नाही, सेव्ह केलेलं काही घरी न्यायचं नाही. नंतर २०१६ ला जिओ आलं, २०२० ला लॉकडाऊन लागला, त्याच सप्टेंबरात पबजी मोबाईल बंद झालं आणि एकदम आरपीचे स्ट्रीम दिसायला लागले. त्या लाटेचं व्हिडिओ-रूपात पुष्कळ उरलंय. त्याच्या आधीचं फार कमी. तुम्ही तेव्हा खेळत होता का? मग बाकी सगळं सोडा आणि पहिल्यांदा ते लिहा.

मला कोडिंग नाय येत. चालेल का?

चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टार टाकून अक्षरं ठळक करता येतात का? मग विकीचं मार्कअप पण येईल. दुसऱ्या पानाला जोडायचं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंसांची जोडी, झालं. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) जाऊन हवं तेवढं खराब करा, तिथं कुणी काही म्हणत नाही. आणि ‘जतन करा’ दाबायच्या आधी झलक बघत जा, नाहीतर एका पानाचे वीस बदल होतात आणि ‘अलीकडील बदल’ मध्ये दुसऱ्या कुणाचं काही दिसतच नाही.

मी तर साधा टॅक्सीवाला होतो सर्व्हरवर, गँग नाही पोलीस नाही. माझ्याकडं लिहायला काय असणार?

उलट तुमच्याकडंच असतं. गँगवाल्यांच्या शंभर क्लिपा निघतात, सगळ्यांत गोळीबार सारखाच. टॅक्सीवाल्याला माहीत असतं की रात्री अकरानंतर लोकं कुठं जमायची, भाडं किती होतं, आधी पाचशे घेत होतो आणि मग अ‍ॅडमिननं मायनिंगचा पगार वाढवला तेव्हा दोन हजार मागायला लागलो. ही महागाईची नोंद आहे बे! सर्व्हरची इकॉनॉमी कशी फुगली हे दरोड्याच्या क्लिपमधून नाही कळत.

म्हणून मेकॅनिक, टॅक्सी, हॉस्पिटलचा रिसेप्शन, बातमीदार, कोर्टातला वकील, ह्यांची पानं आम्हाला आधी पाहिजेत. काय लिहायचं ते सुचत नसेल तर एका दिवसाची ड्युटी लिहा. लॉगिन झाल्यावर पहिलं काय करायचा, कुणाला रेडिओवर हाक द्यायचा, कुठल्या गोष्टीला हसायचा.

आयसी आणि ओओसी वेगळं लिहा म्हणता, म्हणजे नेमकं काय करू?

हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि ह्याच्यावरच सगळ्यात जास्त पानं परत पाठवावी लागतात.

आयसी म्हणजे पात्रानं केलं ते. ओओसी म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसानं केलं ते. खेळताना हा फरक सगळ्यांना कळतो, मेटागेमिंग (खेळाडूला बाहेरून कळलेलं पात्रानं वापरणं) केलं म्हणून रिपोर्ट पण मारतात, पण लिहायला बसले की दोन्हीचा खिचडा. मनानं रचलेला एक नमुना बघा. समजा आपल्या पोरांनी एका सर्व्हरवर शेंगा चटणीचं दुकान टाकलं होतं आणि ते एका रात्री बुडालं. आलेला मजकूर असा असतो:

‘मल्लू अण्णानं दगा दिला, पोलिसांना सगळं सांगितलं, लई चुकीचं केलं, त्याच्यामुळं दुकान गेलं.’

आता कोण मल्लू अण्णा? पात्र का माणूस? वाचणाऱ्याला वाटणार की खराखुरा कुणीतरी फितूर आहे. हेच असं लिहा:

‘आयसी: दुकानाचा भागीदार मल्लू अण्णा ह्यानं मागच्या खोलीतल्या मालाची खबर पोलिसांना दिली, त्याच रात्री छापा पडला आणि दुकान सील झालं. ओओसी: छापा दोन्ही खेळाडूंनी आधी बोलून ठरवला होता, कारण दुसऱ्या भागीदाराच्या खेळाडूला परीक्षेसाठी खेळ थांबवायचा होता. पोलिसांच्या बाजूच्या खेळाडूंना हे माहीत नव्हतं. साक्ष: छाप्याची क्लिप, दोन्ही भागीदारांचं म्हणणं.’

बघा, आता हीच घटना केवढी मोठी झाली. फितुरी आयसी, मैत्री ओओसी, आणि पोलिसवाल्यांना वाटतंय आपण लई हुशारीनं केस फोडली. ‘चुकीचं केलं’ हा शेरा गेला, त्याची गरजच उरली नाही.

स्लॅश मी आणि स्लॅश डू (पात्र काय करतंय आणि आजूबाजूला काय दिसतंय ते टाइप करायच्या कमांड) च्या ओळी जशाच्या तशा द्या, त्यांना वाक्यात वितळवू नका. त्या ओळी कशा लिहायचे ह्याच्यावरून सर्व्हरची पद्धत ओळखू येते.

बग मुळं जे झालं ते पण इतिहास का? ते तर कुणी रोलप्ले केलंच नव्हतं.

तेरा सप्टेंबर २००५. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये झुल’गुरुब नावाची नवीन जागा आली, तिथला बॉस हकार खेळाडूंवर एक रक्तरोग टाकायचा, तो फक्त तिथंच राहायला पाहिजे होता. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर शहरात गेला आणि कमी लेव्हलची पात्रं पटापट मरायला लागली. ही झाली प्रोग्रॅमिंगची चूक. पण त्याच्यानंतर काही लोकं इतरांना बरं करत फिरली, काही शहर सोडून पळाली, काही मुद्दाम रोग पसरवत हिंडली. हे कुणी शिकवलं नव्हतं. २००७ ला द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये त्याच्यावर साथरोगाच्या अभ्यासकांनी लेख लिहिला. तर बग लिहा, पण एका ओळीत, आणि त्याच्यावर लोकं कशी वागली ते दहा ओळीत.

पुरावा म्हणून काय काय चालतं?

बसा, हे लांबणार आहे.

आपल्या यात्रेतला गड्डा (जत्रा) उठला की दोन दिवसांत होम मैदान असं दिसतं की इथं पाळणे होते का नव्हते, सर्व्हर बंद पडल्यावर तसंच होतं. डेटाबेस अ‍ॅडमिनकडं, अ‍ॅडमिननं होस्टिंगचे पैसे भरले नाहीत की ते पण गेलं. त्यामुळं खेळाडूंच्या घरातल्या हार्ड डिस्कवर जे आहे तेवढंच.

पहिलं बघायचं ते चॅटलॉग, म्हणजे गेममधल्या चॅटची नोंद. सॅम्प खेळत होता तर डॉक्युमेंट्समध्ये जीटीए सॅन अँड्रियास युजर फाइल्स नावाचं फोल्डर, त्याच्या आत सॅम्प, त्याच्यात चॅटलॉगची एक टेक्स्ट फाइल असते. लक्षात घ्या, ती फाइल दर वेळी गेम चालू केला की नव्यानं लिहिली जाते, म्हणजे तुमच्याकडं फक्त शेवटच्या वेळी खेळलात त्याचा लॉग आहे. तो शेवटचा दिवस कुठला होता ते बघा आधी, बऱ्याच जणांचा तो सर्व्हर बंद व्हायच्या आसपासचा निघतो आणि तो सोन्यासारखा. जुना पीसी भंगारात द्यायच्या आधी प्लीज, प्लीज हे एक फोल्डर कॉपी करा. त्याच्याच शेजारी स्क्रीन्स फोल्डरमध्ये स्क्रीनशॉट असतात. माइनक्राफ्टवाल्यांचं बरंय, लॉग्स फोल्डरमध्ये तारीखवार फाइली साठत जातात. वॉरक्राफ्टमध्ये चॅटलॉगची कमांड दिलेली असेल तरच फाइल बनते.

दुसरं स्क्रीनशॉट. मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली असेल तर तिच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो फोनवर आल्याची तारीख असते, काढल्याची नाही, ह्याच्यावरून आपल्याकडं दोन पानांवर भांडणं झालीत. फोटोच्या आतली माहिती पण व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं. विंडोजवर फाइल कॉपी केली की ‘तयार केल्याची’ तारीख बदलते, ‘बदल केल्याची’ सहसा तशीच राहते, म्हणून दुसरी बघायची.

तिसरं, लिंक. लिंकवर विसंबून राहू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तिथल्या कम्युनिट्यांबरोबर आपल्याकडच्या सुरुवातीच्या गँगांच्या भरतीच्या पोस्टी गेल्या. फोटोबकेटनं २०१७ ला बाहेर फोटो दाखवायचे पैसे मागायला सुरुवात केली आणि जगभरातल्या जुन्या पानांवर फोटोच्या जागी तो राखाडी डबा आला. इमगुरनं २०२३ ला लॉगिन न करता टाकलेले जुने फोटो काढून टाकायला घेतले. डिस्कॉर्डमधल्या फाइलीची लिंक बाहेर चिकटवली तर ती आता थोड्या वेळानं मरते. तर लिंक द्या, पण त्याच वेळी ते पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) जतन करा आणि ती दुसरी लिंक पण शेजारी टाका. फोटो असेल तर विकीवरच अपलोड करा.

रात्री दोनला झालेल्या गोष्टीची तारीख कुठली लिहू?

भारतीय वेळेनं आणि सर्व्हरच्या वेळेनं, दोन्ही. ईव्ह ऑनलाइनचं घड्याळ जगासाठी एकच, यूटीसीचं. तिथं रात्रीचे नऊ म्हणजे सोलापुरात दुसऱ्या दिवसाचे अडीच. २७ जानेवारी २०१४ ला बी-आर फाइव्ह आरबी नावाच्या सिस्टिममध्ये (गेमच्या अंतराळातला एक तारा आणि त्याचे ग्रह) जे युद्ध पेटलं ते साधारण २१ तास चाललं, ७५ टायटन जहाजं गेली, त्यातली बरीचशी लढाई आपल्या कॅलेंडरवर २८ तारखेला येते. हे युद्ध पेटलं कशावरून, तर एका बाजूचं त्या सिस्टिमच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं. वीज बिल विसरणाऱ्या मंडळींनी हे पान जरूर वाचावं.

पुरावा काहीच नाही, नुसतं आठवतंय. मग राहू दे का?

राहू देऊ नका. पानावर ‘आठवणीवरून’ हा साचा (तयार सूचनेची पट्टी) लावा आणि लिहा. दुसरा कुणी तिथं असेल तर त्याला तुमचं लिहिलेलं न दाखवता त्याचं वेगळं लिहून घ्या, एकत्र बसून आठवलं की दोघांची आठवण एकच होऊन जाते आणि मग ती तपासता येत नाही. दोघांचं जुळलं तर चांगलंच, नाही जुळलं तर दोन्ही ठेवा.

मोठ्या घटनांत पण हे होतं. ८ ऑगस्ट १९९७ ला अल्टिमा ऑनलाइनच्या बीटामध्ये रेन्झ नावाच्या पात्रानं लॉर्ड ब्रिटिशला जाळून मारलं, आणि लॉर्ड ब्रिटिश म्हणजे गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटचंच पात्र. गोष्ट सांगणारे सगळे सांगतात की राजाला मारलं म्हणून त्याला हाकलला. कंपनीचं म्हणणं होतं की त्याच्या अकाउंटवर आधीच्या तक्रारी होत्या म्हणून. आपण कुणाच्या बाजूनं निकाल द्यायचा नाही, कोण काय म्हणालं ते लिहायचं आणि थांबायचं.

आमच्या गँगचं पान मीच लिहिलं तर?

लिहा, दुसरं कोण लिहिणार. फक्त वर सांगा की तुम्ही त्यात होता. आणि ‘सर्व्हरवरची सगळ्यात खतरनाक गँग’ हे वाक्य आमच्याकडं सोळा गँगांच्या पानांवरून काढून झालंय, सतरावी होऊ नका.

हरलेल्या लढाया पण टाका. नुसत्या जिंकलेल्या टाकल्या की समोरचा येऊन बाकीच्या टाकतोच, आणि तो तुमच्यापेक्षा जास्त डिटेलमध्ये टाकतो.

खेळणाऱ्याचं खरं नाव टाकू का? सगळ्यांना माहितीच आहे की.

नाही. पात्राचं नाव, फार तर त्यानं स्वतः जाहीर वापरलेलं चॅनेलचं नाव. तो जुळे सोलापुरात राहतो, अमक्या कॉलेजला आहे, त्याचे वडील तमक्या कारखान्यात आहेत, हे ‘सगळ्यांना माहीत’ असलं तरी पानावर येणार नाही. तेव्हा खेळणारी कितीतरी पोरं शाळेत होती. चौदाव्या वर्षी व्हॉइस चॅटवर जे बोललो ते पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या आधी कुणीतरी गुगल करून वाचावं असं कुणाला वाटेल?

आपलं पात्र पानावरून काढा असं कुणी म्हटलं तर वाद न घालता आम्ही नाव बदलून ‘एक खेळाडू’ करतो. घटना राहते.

छळाच्या घटना हा वेगळा भाग. त्या दडपायच्या नाहीत. १९९३ ला लॅम्डामू ह्या नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या जगात एका वापरकर्त्यानं एक प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांकडून घाणेरड्या गोष्टी करवल्याचं दाखवलं. त्यावर लोकांनी रात्र-रात्र चर्चा केली, शेवटी एका अ‍ॅडमिननं ते पात्रच काढून टाकलं, आणि त्यानंतर तिथं खेळाडूंनी अर्ज करून मतदानानं निर्णय घ्यायची पद्धत आली. म्हणजे पुढच्या ऑनलाइन कारभाराचा इतिहास त्या एका वाईट रात्रीतून सुरू होतो, तो वगळून कसं चालेल? पण अशा पानावर काय घडलं ते थोडक्यात आणि पुढं लोकांनी काय ठरवलं ते सविस्तर असं ठेवा. त्रास झालेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या क्लिपा लावायच्या नाहीत, त्या कुठंही पब्लिक असल्या तरी.

माझं लिहिलेलं कुणीतरी उडवलं! आता मी पण त्याचं उडवू?

उडवलं तरी गेलेलं नसतं, ‘इतिहास’ उघडा, प्रत्येक आवृत्ती तिथं आहे. एकदा परत टाकलं, त्यानं परत काढलं, की तिथंच थांबायचं आणि चर्चा पानावर जायचं, शेवटी चार टिल्डे टाकून सही करायची. चर्चा पानावर ‘काय करालास बे’ चालतं, आईबहीण चालत नाही.

सीनमध्ये आम्ही तेलुगू-मराठी-हिंदी मिक्स बोलत होतो. मराठीत करून टाकू?

मुळीच नको. आपल्याकडं पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू, गल्लीत मराठी, सर्व्हरवर हिंदी बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड मिसळतात, आणि भांडण पेटलं की भाषा बदलते. नेमकं कुठल्या वाक्याला बदलली ते बघण्यासारखं असतं. तर जे बोललं ते देवनागरीत तसंच्या तसं लिहा आणि खाली एका ओळीत मराठी अर्थ. शिव्यांचं पहिलं अक्षर आणि मग फुल्या, एवढंच.

सर्व्हरची आणि गेमची नावं लोकं दहा तऱ्हेनं लिहितात, त्याची काळजी सोडा. एक पान बनवा, बाकीच्या स्पेलिंगांवरून पुनर्निर्देशन लावलं की झालं.

हे सगळं मराठी विकिपीडियावर का नाही टाकत? नाहीतर फँडमवर?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, चांगला आहे, पण तिथं उल्लेखनीयता लागते, दुसऱ्या कुणीतरी छापलेले संदर्भ लागतात आणि स्वतःचं संशोधन चालत नाही. आपल्या चटणीच्या दुकानावर कुठल्या पेपरनं लिहिलंय? गेमवरचा लेख मात्र तिथं जरूर लिहा, अल्टिमा ऑनलाइन, मड वगैरे, तिथं लोकं कमीच आहेत.

फँडम ही लोकांचे विकी ठेवून देणारी साइट, तिथं जाहिराती फार, आणि निघायचं म्हटलं तर कम्युनिटी निघते पण जुनी पानं तिथंच राहतात आणि सर्चमध्ये नव्याच्या डोक्यावर बसतात. रूनस्केपवाले २०१८ ला निघाले, माइनक्राफ्टवाले २०२३ ला, दोघांना हेच भोगावं लागलं. म्हणून आपला मीडियाविकी (विकी चालवायचं सॉफ्टवेअर) वेगळा ठेवलाय, आणि सगळ्या पानांचा डंप (एकत्र प्रत) कुणीही उतरवून घेऊ शकतो. घेत चला, जितक्या घरांत प्रती तितकं बरं.

चॅटजीपीटीला सांगून पान लिहून घेतलं तर?

तो त्या रात्री सर्व्हरवर होता का? नाही ना. तुम्ही चार ओळी सांगता, तो चाळीस करतो, त्यातल्या छत्तीस कुठून आल्या ते कुणालाच सांगता येत नाही. ‘शहराच्या इतिहासातील एक सुवर्णकाळ’ असलं काही दिसलं की आम्ही लगेच ओळखतो. शुद्धलेखन तपासायला वापरा, त्याला ना नाही. तुटकं-मुटकं का असेना, तुमच्या चार ओळी पाठवा.

स्क्रीनशॉटवर कॉपीराइट कुणाचा? क्लिप उचलून टाकू का?

मजकूर तुम्ही लिहिलात तो सीसी बाय-एसए परवान्यात जातो, म्हणजे कुणीही नाव देऊन वापरू शकतो आणि त्यानं पण तोच परवाना ठेवायचा. स्क्रीनशॉटमधला गेम कंपनीचा असतो, म्हणून पानाला लागतील तेवढेच आणि लहान आकाराचे. दुसऱ्याची क्लिप अपलोड करू नका, लिंक द्या आणि त्यात कितव्या मिनिटाला काय घडतं ते शब्दांत लिहा. क्लिप गेली तरी ते वर्णन राहतं. मागं गाणं वाजत असेल तर ते स्ट्रीम कधीही म्यूट होऊ शकतं, म्हणून संवाद आधी उतरवून घ्या.

फोनवरूनच करतो सगळं, पीसी विकला. जमेल?

जमेल. जीबोर्डवर बोलून टाइप करा, मग वाचून नावं दुरुस्त करा, नावांची वाट लागते त्यात. मोठे साचे आणि तक्ते फोनवर नका छेडू.

अण्णा, सोलापुरात कुठं भेटता का?

ऑफिस वगैरे काही नाही. अधूनमधून चौघं-पाच जण पार्क चौकात चहाला बसतात, कोण येणार ते ग्रुपवर त्याच दिवशी कळतं. निम्मी मंडळी पुण्याला नोकरीला, ती हुतात्मा एक्स्प्रेसनं सुट्टीला आली की बैठक मोठी होते. जानेवारीत यात्रेच्या दिवसांत मात्र कुणी संपादन तपासत नाही, तेव्हा ‘माझं पान अजून बघितलं नाही’ म्हणून तक्रार करू नका. जुन्या हार्ड डिस्क असतील तर घेऊन या, केबल आमच्याकडं आहे, आणि त्यातलं काय द्यायचं, काय नाही ते तुम्हीच आमच्यासमोर निवडायचं.

मला बाहेर पडायचंय. अकाउंट डिलीट होतं का?

मीडियाविकीत अकाउंट डिलीट होत नाही, कारण प्रत्येक बदलाला लेखकाचं नाव जोडलेलं असतं आणि परवान्याला ते लागतं. नाव बदलून मिळतं, जुन्या सगळ्या संपादनांवर पण नवीन नावच दिसायला लागतं. चर्चा पानांवर तुम्ही केलेल्या जुन्या सह्या मात्र आपोआप बदलत नाहीत, त्या हातानं बदलाव्या लागतात, तेव्हा विनंती करतानाच कुठल्या कुठल्या पानांवर सह्या आहेत त्याची यादी पाठवा.